नाण्यावर नाणं: प्राचीन ग्रीक जगातल्या फेरछाप ब्राँझ नाण्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक ब्राँझ नाण्यांच्या नादाला लागलेल्या माणसाला कधी ना कधी असं एखादं नाणं भेटतंच, ज्यात देवीच्या गालातून ताऱ्याचं टोक डोकावतं, किंवा बिबट्याच्या पायांत भलत्याच गावाच्या नावाची दोन अक्षरं अडकलेली दिसतात. पहिल्यांदा वाटतं, नाणं बिघडलेलं आहे. मग कोणीतरी सांगतं की ही एकावर एक अशी दोन नाणी आहेत. तिथून पुढे जे प्रश्न सुरू होतात, त्यांतले मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले इथे घेतले आहेत.

फेरछाप नाणं म्हणजे नेमकं काय?

आधीच पाडलेलं, लोकांच्या हातून फिरलेलं नाणं कोरी चकती समजून ठशांमध्ये ठेवायचं आणि त्यावर नव्याने घाव घालायचा. शाळेतली पाटी नीट न पुसता तिच्यावरच पुढचं गणित मांडावं, तसा हा प्रकार. नवं चित्र ठळक उठतं, पण जुनं कुठेतरी शिल्लक राहतंच.

अभ्यासू लिखाणात यांना पुनर्मुद्रांकित नाणी म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण जिभेला जड. मी इथे फेरछाप म्हणतो. वरचं चित्र ती ‘वरची छाप’ आणि दबलेलं चित्र ती ‘खालची छाप’, एवढ्यावर आपलं काम भागेल.

दोनदा घाव बसलेलं नाणं आणि फेरछाप नाणं एकच का?

नाही. पहिला घाव बसल्यावर चकती जराशी सरकली आणि त्याच ठशाने दुसरा घाव बसला, तर एकाच राजाला दोन नाकं येतात. ती टाकसाळीतली चूक. फेरछापीत खालचं आणि वरचं चित्र वेगळ्या ठशांचं असतं, बहुतेक वेळा वेगळ्या काळाचं आणि अनेकदा वेगळ्या गावाचंही.

तिसरा प्रकार शिक्क्याचा. त्यात जुनं नाणं तसंच ठेवून त्याच्या एखाद्या भागावर छोटं चिन्ह ठोकतात: तारा, त्रिशूळ, एखादं अक्षर. ‘हे नाणं आमच्याकडे चालेल’ किंवा ‘आता याची किंमत इतकी’ असं त्यातून सांगायचं असतं. शिक्का मारणाऱ्याला जुनं चित्र दिसलं तरी चालतं. फेरछाप करणाऱ्याला ते नको असतं, ते पूर्ण पुसलं जात नाही हा भाग वेगळा.

जुनी नाणी वितळवून नवी पाडणं सोपं नव्हतं का?

वाटतं तसं. पण हाताने नाणी पाडताना सगळ्यात वेळखाऊ काम घाव घालण्याचं नसतं, चकत्या तयार करण्याचं असतं. भट्टी पेटवा, लाकूड-कोळसा आणा, तांबं, कथील आणि शिसं यांचा मेळ जमवा, साच्यात ओता, थंड झाल्यावर एकमेकींना जोडलेल्या चकत्या तोडा, कडा घासा. प्रत्येक टप्प्यावर थोडा धातू वाया जातो. जुनं नाणं म्हणजे हे सगळं आधीच करून झालेली, गोल, साधारण ठरलेल्या वजनाची चकती. ती समोर पडलेली असताना भट्टी कोण पेटवील?

ब्राँझच्या बाबतीत आणखी एक सोय होती. चांदीचं प्रत्येक नाणं ठरलेल्या वजनाच्या जवळ असावं लागे. ब्राँझची नाणी मात्र ‘इतक्या धातूतून इतकी नग’ अशा हिशेबाने पाडली जात, त्यामुळे एकेका नाण्यात दोन-चार ग्रॅमचा फरक पडला तरी कोणी तराजू काढत नसे. म्हणून परगावचं नाणं थोडं जड किंवा हलकं असलं तरी खपून जाई.

पण मुळात दुसऱ्याचं नाणं आपलं करून घेण्याची एवढी गरज काय होती?

माझ्या मते सगळ्या विषयाची गोम या प्रश्नात आहे.

चांदीच्या नाण्याची किंमत बरीचशी त्यातल्या चांदीची असते. घुबडाचं चित्र असलेलं अथेन्सचं चांदीचं नाणं इजिप्तमध्येही चांदी म्हणून चालतं. ब्राँझचं तसं नाही. त्याची किंमत नगराने ठरवलेली असते आणि ती आतल्या धातूपेक्षा जास्त असते. वेशीबाहेर ती किंमत संपते. म्हणजे शेजारच्या गावची ब्राँझ नाणी बाजारात साठली, तर ती निव्वळ धातूच्या भावाने मिळण्याची शक्यता असते. तीच नाणी स्वतःच्या ठशाखाली घातली की किंमत वाढते. मधला फरक नगराच्या तिजोरीत.

ही मी रचलेली अटकळ नव्हे, ग्रीकांनीच दगडावर कोरून ठेवलेली गोष्ट आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीवर सेस्टॉस नावाचं नगर होतं. तिथे मेनास नावाच्या नागरिकाचा गौरव करणारा एक लांबलचक ठराव सापडला आहे, इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. नगराने स्वतःची ब्राँझ नाणी काढायचं ठरवलं आणि त्यावर देखरेख करणाऱ्यांत मेनासला नेमलं, असं त्यात म्हटलं आहे. कारणं दोन दिली आहेत: नगराचं स्वतःचं चिन्ह चलनात असावं, आणि त्यातून येणारा नफा लोकांना मिळावा. अभिमान आणि फायदा, एकाच वाक्यात. आजच्या कुठल्या अर्थखात्याने इतक्या सरळपणे लिहिलं असतं असं वाटत नाही.

क्रीट बेटावरच्या गॉर्टिन नगराचा इ. स. पू. तिसऱ्या शतकातला एक कायदा याच नाण्याची दुसरी बाजू दाखवतो. नगराने काढलेलं ब्राँझ नाणं वापरायचं, चांदीचे ओबोल (लहान किमतीची नाणी) घ्यायचे नाहीत. ब्राँझ नाकारलं किंवा चांदी घेतली तर पाच चांदीचे स्टॅटर (मोठ्या किमतीची नाणी) दंड. (दंड मात्र चांदीत! नगराला स्वतःच्या ब्राँझवर किती विश्वास होता ते इथे कळतं.)

आणि राजेलोकांचं काय विचारता? ॲरिस्टॉटलच्या नावावर चालणाऱ्या अर्थव्यवहारावरच्या ग्रंथात सिसिली बेटावरच्या सिराक्यूज नगराचा हुकूमशहा डायोनिसियस याची एक गोष्ट आहे. त्याने नागरिकांकडून कर्ज काढलं. लोक परत मागू लागले, तेव्हा त्याने फर्मान काढलं की ज्याच्याकडे जेवढी चांदी असेल ती आणून द्या, नाहीतर मरणाची शिक्षा. आलेल्या नाण्यांवर त्याने नवी छाप मारली, एका द्राख्मेची किंमत दोन ठरवली आणि त्यातून जुनं-नवं सगळं देणं फेडून टाकलं. गोष्ट चांदीची आहे, आणि त्या ग्रंथात अशा युक्त्यांची भरपूर गर्दी असल्याने थोडं मीठ घालूनच घ्यावी. पण जुन्या नाण्यावर नवी छाप म्हणजे पैसा काढण्याचा मार्ग, हे त्या काळच्या वाचकाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

प्रत्यक्ष काम कसं चालायचं?

दर्शनी बाजूचा ठसा ऐरणीत बसवलेला, मागच्या बाजूचा ठसा एका जाड छिन्नीसारख्या दांड्याच्या टोकाला कोरलेला. मधे चकती, वरून हातोडा. फेरछापीत चकतीच्या जागी जुनं नाणं, एवढाच बदल.

मात्र घाव खाल्लेलं ब्राँझ कडक होतं, हे तांब्या-पितळेची भांडी ठोकणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. ते पुन्हा मऊ व्हायला तापवावं लागतं. घाईत किंवा कमी तापवून घाव घातला की धातू हवा तसा वाहत नाही आणि कडेला चिरा पडतात. म्हणून फेरछाप नाणी पुष्कळदा पसरट, कडेला फाटलेली आणि एका बाजूला नीट न उठलेली दिसतात. काही टाकसाळी आधी जुनं चित्र ठोकून सपाट करत किंवा कानशीने घासून काढत. बऱ्याच ठिकाणी तेवढीही तसदी घेतलेली दिसत नाही. आपल्या दृष्टीने ते बरंच झालं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोणतं?

सिसिली. यावर वाद घालणारे भेटतील, पण मी सिसिलीवरून हलणार नाही.

मुळात ब्राँझला नाणं म्हणून गंभीरपणे घेणारे पहिले ग्रीक दक्षिण इटली आणि सिसिलीतलेच, इ. स. पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. पुढे डायोनिसियस पहिल्याच्या काळात सिराक्यूजने एक दणदणीत नाणं काढलं: एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना, दुसऱ्या बाजूला दोन डॉल्फिनच्या मधे किरणांचा तारा. वजन ३० ग्रॅमच्या आसपास. आपलं आजचं दहा रुपयांचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं, म्हणजे तशी चार एकत्र केल्यावर त्याच्या तोडीला येतील. ही नाणी बेटभर पसरली, कारण डायोनिसियसचे भाडोत्री सैनिक बेटभर पसरले होते.

मग इ. स. पू. ३४४ मध्ये कोरिंथहून सेनापती टिमोलिऑन आला. सिराक्यूजच्या जुलमी सत्तेचा शेवट झाला, आणि ज्यांना स्वतःचं नाणं काढायची फारशी मुभा किंवा ताकद नव्हती अशी आतल्या डोंगरातली लहान गावं एकदम नाणी पाडू लागली. केंटोरिपा, अगिरिऑन, एटना ज्वालामुखीच्या पायथ्याचं अद्रानोन. त्यांच्याकडे चकत्या कुठून येणार? घरोघर पडलेल्या सिराक्यूजच्या जाडजूड नाण्यांतून. अद्रानोनने अपोलो आणि त्याची वीणा छापली. केंटोरिपाने एका बाजूला डॉल्फिनांच्या मधे पर्सेफोनी आणि दुसऱ्या बाजूला चालता बिबट्या. पर्सेफोनीचं ते डोकं सिराक्यूजच्याच चांदीच्या प्रसिद्ध नाण्यावरून उचललेलं! म्हणजे ज्याच्या नाण्यावर घाव घातला, चित्रही त्याच्याकडूनच घेतलं. गंमत आहे.

या फेरछापींनी एक मोठी दुरुस्तीही घडवली. अथेना आणि ताऱ्याची ती जड नाणी पूर्वी टिमोलिऑनच्या काळातली धरली जात होती. पण टिमोलिऑनच्या काळातल्या गावांच्या छापेखाली तीच नाणी, तीही झिजलेल्या अवस्थेत, वारंवार सापडत असतील तर ती त्याआधीची असणार, हे उघड आहे. आज ती डायोनिसियस पहिल्याकडे दिली जातात. अर्ध्या शतकाची सरक, नुसत्या खालच्या छापेवरून.

म्हणजे फेरछाप केली की समजायचं, जिंकणाऱ्याने हरलेल्याची खूण पुसली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण ती कल्पना नाट्यमय आहे. कधीकधी खरीही आहे. अलेक्झांडरनंतर पश्चिम आशियात उभ्या राहिलेल्या सेल्युकिड साम्राज्यात टिमार्कस नावाच्या सुभेदाराने बंड केलं आणि राजा म्हणून नाणी काढली. सेल्युकिड राजा डिमिट्रियस पहिल्याने त्याला इ. स. पू. १६० च्या सुमारास संपवलं आणि टायग्रिसकाठच्या सेल्युकियात टिमार्कसच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःची आणि राणी लाओडिसीची छाप मारली. इथे पुसण्याचा हेतू नाकारता येणार नाही.

ग्रीक जगाच्या कडेवरचं याहून जळजळीत उदाहरण इ. स. १३२ ते १३५ च्या, रोमविरुद्धच्या बार कोखबाच्या बंडाचं. ज्यूंनी त्या तीन वर्षांत काढलेलं सगळं चलन, चांदीचं आणि ब्राँझचंही, रोमन आणि ग्रीक नगरांच्या नाण्यांवर छापलेलं आहे. सम्राटाच्या चेहऱ्यावर मंदिराचं चित्र आणि जुन्या हिब्रू लिपीतली अक्षरं. तिथे ब्राँझ नाणी आधी नीट घासूनही घेत. पण तिथेसुद्धा एक साधी गोष्ट विसरू नये: बंडखोरांकडे खाण नव्हती. हातात जो धातू होता तो शत्रूच्या नाण्यांचाच होता.

आता याच्या उलट पाहा. इ. स. पू. तिसऱ्या शतकात मध्य ग्रीसमधल्या बिओशियाच्या संघाने समोरून पाहणारी धान्यदेवी डिमीटर आणि उभा समुद्रदेव पोसायडन अशी ब्राँझ नाणी काढली. त्यांतली पुष्कळ मॅसिडोनियाच्या अँटिगोनस राजाच्या ब्राँझ नाण्यांवर छापलेली आहेत. बिओशियाने मॅसिडोनिया जिंकलं नव्हतं. राजाची नाणी तिथे भरपूर आली होती, एवढंच म्हणता येतं.

रोम आणि कार्थेज यांच्यातल्या दुसऱ्या प्युनिक युद्धात रोमन सैन्य सिसिलीत असताना त्यांनी लहान किमतीची ब्राँझ नाणी सिराक्यूजचा राजा हिएरॉन दुसरा याच्या, पोसायडन आणि त्रिशूळ असलेल्या नाण्यांवर पाडली. हिएरॉन तर मरेपर्यंत रोमचा दोस्त! सार्डिनियात त्यांनी हेच कार्थेजच्या नाण्यांवर केलं, आणि कार्थेज शत्रू. दोस्ताचं काय, दुश्मनाचं काय, सैन्याला सुटे पैसे हवे होते.

म्हणून मी आधी हिशेबाची वही उघडून पाहतो, मग रणभूमीकडे वळतो.

एकाच नगराने स्वतःच्याच नाण्यांवर फेरछाप केली, असं कधी होतं का?

होतं, आणि ते बहुधा आजारी चलनाचं लक्षण असतं. काळ्या समुद्राकाठचं पँटिकापेऑन, म्हणजे आजच्या क्रिमियातलं केर्च, तिथे इ. स. पू. तिसऱ्या शतकात सोनं-चांदी आटली आणि व्यवहार ब्राँझवर आला. जुन्या नाण्यांवर आधी तारा आणि धनुष्य-बाणांचा भाता असे छोटे शिक्के पडले, मग काही नाणी नव्या ठशांनी पुन्हा पाडली गेली. वजन उतरत गेलं, कारागिरीही. ही नाणी एका रांगेत मांडली की तापाचा तक्ता पाहिल्यासारखं वाटतं.

इतिहासकाराला याचा उपयोग कितपत?

एका बाबतीत फार मोठा. खालची छाप आधीची, वरची नंतरची. यात मतभेदाला जागा नाही. नाण्यांच्या काळाबद्दल आपण जे काही म्हणतो, त्यातलं बरंचसं शैली, वजन आणि एकत्र सापडलेल्या साठ्यांवरून केलेलं अनुमान असतं. फेरछाप क्रम सांगते, आणि तो बदलता येत नाही.

पण ती क्रमापलीकडे फारसं बोलत नाही. दोन छापांमधे दोन महिने गेले की साठ वर्षं, हे तिला विचारू नका. खालचं नाणं किती झिजलं होतं त्यावरून अंदाज करता येतो, पण घावाने जे चपटं झालं ते झिजेने झालं असं समजण्याची चूक सहज होते. शिवाय एकच नमुना हाती असेल तर जपून. खिशातून भरकटत आलेलं एखादं नाणंही ठशाखाली जाऊ शकतं. पन्नास फेरछापींखाली तेच नाणं असेल, तर टाकसाळीने ते गोळा करून घेतलं होतं असं म्हणता येतं.

भारताशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि ग्रीक फेरछापींचा सगळ्यात मोलाचा उपयोग कदाचित इथेच झाला आहे.

हिंदुकुशच्या दोन्ही बाजूंना आणि पंजाबात राज्य केलेल्या यवन, म्हणजे ग्रीक, राजांची नावं तीसहून जास्त आहेत. ग्रंथांत त्यांतली मूठभरच येतात, बाकीचे राजे आपल्याला माहीत आहेत ते केवळ नाण्यांमुळे. कोण कोणानंतर आला हे ठरवायचं कसं? तिथे फेरछाप कामी येते. बॅक्ट्रियाच्या (आजच्या उत्तर अफगाणिस्तानातल्या) युक्रेटायडीस राजाची चौकोनी ब्राँझ नाणी आहेत, खरोष्ठी लिपीत ‘कविसिये नगर देवता’ असं लिहिलेली, म्हणजे कापिशी नगरीची देवता. यांतली काही अपोलोडोटस पहिल्याच्या नाण्यांवर छापलेली आहेत. अपोलोडोटस आधी, युक्रेटायडीस नंतर, आणि काबूलच्या उत्तरेकडचा तो मुलूख या हातातून त्या हातात गेला, इतकं एका चौकोनी तुकड्यावरून वाचता येतं. तसंच हेलिओक्लीस दुसऱ्याची छाप ॲगथोक्लिया राणी आणि स्ट्रॅटो यांच्या नाण्यांवर पडलेली सापडते.

महाराष्ट्राचं उदाहरण तर आपल्या घरचं. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला क्षहरात वंशातल्या शक क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३,००० हून जास्त नाणी. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मारली होती: एका बाजूला कमानींची टेकडी, दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह. नहपानाचं नाक, कान आणि कडेची अक्षरं खालून दिसत राहतात. त्या अक्षरांत ग्रीक लिपीही आहे, कारण पश्चिम भारतात फिरलेल्या यवन नाण्यांचा साचा क्षत्रपांनी उचलला होता. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, म्हणजे गौतमीपुत्राला, ‘क्षहरात वंश निःशेष करणारा’ म्हणतो. इथे मी माझा हिशेबाच्या वहीचा आग्रह गुंडाळून ठेवतो. इतक्या हजारांनी चेहरा झाकला, तर त्यात संदेश होता. तरी चांदी त्याने वितळवली नाही, हेही ध्यानात ठेवा.

माझ्या हातातल्या नाण्याखाली काय आहे, हे ओळखायचं कसं?

आधी वरच्या छापेची पक्की ओळख करून घ्या. त्या नाण्याचा चांगला उठलेला नमुना शोधा आणि आपल्या नाण्यावर ‘असायला नको’ ते काय आहे याची नोंद करा. वरचं काय आहे हे माहीत नसताना खालचं शोधणारा माणूस ढगांत हत्ती पाहतो.

मग उजेड. डोक्यावरचा दिवा बंद करा आणि टेबलावरचा दिवा नाण्याच्या पातळीला, अगदी कडेला आणा. नाणं बोटांत धरून सावकाश फिरवा. समोरून उजेड पडला की काहीच दिसत नाही, तिरपा पडला की दबलेल्या रेषेची सावली उठते. मोबाइलने फोटो काढत असाल तर दिवा चारही बाजूंनी फिरवत आठ-दहा काढा.

कुठे पाहायचं? नवख्यांचा गोंधळ इथे होतो. ते मोकळी, सपाट जागा न्याहाळतात. पण नाण्यावरची सपाट जागा म्हणजे ठशाचा सगळ्यात वर आलेला भाग, तिथे दाब सर्वांत जास्त बसतो आणि जुनं चित्र तिथे आधी मरतं. ते जगतं ठशाच्या खोलगट भागात, म्हणजे नव्या चित्राच्या उंचवट्यावर. गाल, केसांचा फुगवटा, घोड्याचं पोट. धातू तिथे ठशाच्या तळापर्यंत पोचलेला नसतो आणि जुना पृष्ठभाग तसाच राहतो. दुसरी जागा कड, जिथे घाव पोचलेलाच नसतो. जुन्या चित्राभोवतीच्या ठिपक्यांच्या वर्तुळाचा तुकडा नव्या वर्तुळाला छेदून जाताना दिसला, तर फेरछाप जवळजवळ नक्की.

खालचं चित्र सरळच असेल असं धरून चालू नका. पाडणाऱ्याने नाणं उचललं आणि टाकलं. ते उलटं असेल, आडवं असेल, दर्शनी बाजू खाली असेल. माझ्याकडच्या एका सिसिलियन नाण्यावर कित्येक संध्याकाळी मी एक ‘माशाचं शेपूट’ पाहत बसलो होतो. शेवटी नाणं अर्धा फेरा फिरवलं तेव्हा ते शिरस्त्राणाखालून आलेल्या केसांचं टोक निघालं, आणि डॉल्फिन होते ते दुसऱ्या बाजूला.

एक-दोन खुणा हाती आल्या की वजन करा. वजनाने निम्मे उमेदवार बाद होतात. सात ग्रॅमच्या तुकड्याखाली तीस ग्रॅमचं नाणं असू शकत नाही, कोणी कापलं नसेल तर. उरलेल्यांचे फोटो पारदर्शक करून आपल्या फोटोवर ठेवा आणि फिरवत राहा. एका बाजूला जुळलं की दुसऱ्या बाजूला काय दिसायला हवं हे आधी कागदावर लिहा, मग नाणं पालटा. हा क्रम पाळला नाही तर आपले डोळे आपल्यालाच फसवतात.

काहीच ओळखू आलं नाही तर?

‘खालची छाप अनिश्चित’ असं लिहून ठेवा. तज्ज्ञांच्या नोंदींतही असं लिहिलेलं असतं.

अशा नाण्याला बाजारात कमी किंमत मिळते का?

सुंदर नाणं हवं असणाऱ्याला ते दोषी वाटतं, म्हणून साधारणपणे हो. पण दोन्ही छापा स्पष्ट ओळखू येत असतील तर अभ्यासू खरेदीदार उलट जास्त मोजतात. अडचण अशी की विक्रेत्यांना हे कळलं आहे, त्यामुळे कुठल्याही ओरखड्याला फेरछाप म्हणून विकण्याचे प्रकार होतात. वर्णनात ‘खाली अमुक नाणं’ असं लिहिलं असेल तर कुठे, कोणत्या कोनात, हे विचारा. दाखवता आलं नाही तर ते ओरखड्याचे पैसे आहेत.

घासून स्वच्छ केलं तर खालचं जास्त दिसेल ना?

कृपा करून नको. ब्राँझवर शतकानुशतकं चढलेला हिरवा-तपकिरी थर हाच बहुतेक वेळा खालच्या छापेची शेवटची बारीक रेषा सांभाळून असतो. चिंच, लिंबू, पितांबरी हे देवघरातल्या समईसाठी. फिकट हिरवा, भुकटीसारखा सुटणारा गंज दिसला तर मात्र तो धातू खाणारा असू शकतो. अशा वेळी नाणं इतरांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा आणि संवर्धनाचं काम जाणणाऱ्याला दाखवा.

शेतात किंवा पायाच्या खोदकामात जुनी नाणी सापडली तर ती ठेवता येतात का?

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठवता येत नाहीत. कायदा बाजूला ठेवला तरी, साठा वाटून घेतला की त्यातलं कोणतं नाणं कोणाबरोबर होतं ही माहिती कायमची जाते. जोगलटेंभीची हजारो नाणी एकत्र मोजली गेली म्हणून किती नाण्यांवर फेरछाप आहे आणि किती तशीच राहिली, हे आज सांगता येतं. मडकं सापडलं तर मडक्याचे तुकडेही ठेवा, आणि नाणी धुऊ नका.